अमेरिकेत ग्रीनकार्डवर आहे, ज्युरीचं समन्स आलंय. जावं लागेल का?

नाही, ज्युरर (खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या सामान्य लोकांच्या गटाचा, म्हणजे ज्युरीचा सदस्य) अमेरिकेचा नागरिकच लागतो. पण पत्र कचऱ्यात टाकू नका. उत्तर न दिल्यास दंड होऊ शकतो. अनेक राज्यांत नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही उचलतात, म्हणून तुम्हाला आलं. सोबतच्या प्रश्नावलीत ‘नागरिक आहात का?’ याला ‘नाही’ लिहा, सही करा, मुदतीत परत पाठवा. कोर्टाने मागितली तर ग्रीनकार्डची प्रत जोडा आणि सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. घाईत ‘हो’वर खूण करणं सगळ्यात घातक: नागरिकत्वाचा खोटा दावा ठरला तर ग्रीनकार्डही जाऊ शकतं.

नागरिक झाल्यावर मात्र ज्युरीत जरूर बसा. खटल्याबद्दल गूगल करायचं नाही, घरीही बोलायचं नाही. एका ज्युररच्या शोधाशोधीने अख्खा खटला पुन्हा चालवावा लागू शकतो.