५० मीटरला ग्रुप मस्त, १०० ला मात्र उभा फाटतो

प्रश्न: सर, माझी पॉइंट २२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे. सँडबॅगवर ठेवून ५० मीटरला मारलं की पाचही गोळ्या अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत बसतात. पण १०० ला तोच ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, वरखाली सहा-सात सेंटीमीटर पसरतो, आडवा फारसा नाही. क्लबात सगळे म्हणतायत स्कोप (रायफलवरची दुर्बीण) बदल. बदलू का?

उत्तर: थांबा, एवढ्यात पैसे घालू नका. ग्रुप उभा पसरतो आणि आडवा नाही हे तुम्ही नीट बघितलंत, बरंचसं उत्तर त्यातच आहे. माउंट, म्हणजे स्कोप रायफलला पकडून ठेवणारा भाग, ढिला असता तर ५० लाही ग्रुप बिघडला असता, त्यामुळे माझा पहिला संशय काडतुसांवर.

एकाच डब्यातल्या गोळ्याही सारख्या वेगाने सुटत नाहीत. स्टँडर्ड पॉइंट २२ ची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरने निघते, ५० मीटरपर्यंत १२-१३ सेंटीमीटर खाली येते आणि १०० पर्यंत पन्नासेक. आता दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला २० मीटरचा फरक असला तर ५० ला तो जेमतेम दीड सेंटीमीटर दिसतो, १०० ला सहाच्या वर जातो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की फरक चौपट! हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची काडतुसं वापरत असाल तर आणखी एक भानगड, ती गोळी आवाजाच्या वेगाच्या वर सुटते आणि १०० च्या आतच त्याच्या खाली येते, तिथे ती डगमगते.

तर मॅच ग्रेडच्या, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या काडतुसांचा एक डबा घ्या. आधी दहाएक गोळ्या नुसत्या मारा, कारण नव्या काडतुसाचं वंगण बॅरलमध्ये बसायला वेळ लागतो, आणि मग पाच-पाचचे निदान चार ग्रुप काढा, एका ग्रुपवरून काहीच ठरवू नका प्लीज.

तरीही उभाच पसरला तर पॅरॅलॅक्स बघा, म्हणजे डोळा हलला की नेमही हललेला दिसतो का ते. चेंबर रिकामं, बोल्ट उघडा, रायफल बॅगवर पक्की बसवा आणि हात न लावता फक्त डोळा हळूहळू वरखाली करा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवर सरकताना दिसली तर गाल दर वेळी स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) वेगळ्या उंचीला टेकला की नेमही हलणार. पॉइंट २२ चे बरेच स्कोप ५० यार्डांनाच सेट केलेले असतात. तुमच्या स्कोपला अ‍ॅडजस्टमेंट असेल तर १०० ला आणा, नसेल तर स्टॉकवर गालाखाली पॅड लावा म्हणजे डोळा दर वेळी एकाच जागी येईल. स्कोप बदलायचा विचार त्यानंतर.