मॉनिटर दोन सेकंद दिसून काळा पडतो : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : २४ इंची फुल एचडी एलईडी मॉनिटर, सहा वर्षांचा. इंदूरला पावसात लाइट गेली-आली, तेव्हापासून चालू केला की दोनेक सेकंद चित्र दिसतं, मग पडदा काळा. पावरचा दिवा मात्र लागलेलाच. दुकानदार ३,५०० रुपये सांगतोय. द्यावेत का?

या भावात नाही. पण मॉनिटर टाकूनही देऊ नका, कारण तुम्ही सांगितलेली लक्षणं पॅनेल (चित्र दाखवणारी काच) गेल्याची नाहीत. ‘सहा वर्षांचा झाला, आता काय ठेवायचा’ या हिशेबाने मॉनिटरचा निर्णय होत नाही. कोणता भाग गेलाय यावर तो होतो. पावर सप्लाय (मॉनिटरला वीज पुरवणारा भाग) गेला असेल तर दहा वर्षांचा मॉनिटरही दुरुस्त करावा, आणि पॅनेल गेलं असेल तर दोन वर्षांचाही, वॉरंटी नसेल तर, सोडून द्यावा. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, या दोन्हींच्या मधली गोष्ट आहे आणि तुमचं प्रकरण बहुधा तिथलंच आहे.

आधी खात्री करून घ्या. खोलीत अंधार करा, संगणकावर पांढऱ्या पानावर मोठी काळी अक्षरं उघडून ठेवा, आणि पडदा काळा पडला की मोबाइलचा टॉर्च अगदी जवळून, तिरका धरून पाहा. अक्षरं पुसट दिसली तर चित्र बनतंय, फक्त मागचा उजेड विझलाय. म्हणजे पॅनेल, मुख्य बोर्ड आणि केबल तिन्ही ठीक. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर बिघाड मुख्य बोर्डाकडे किंवा सप्लायकडे आहे आणि पुढचं गणित बदलतं.

दोनच सेकंद का? एलईडी बॅकलाइटला चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) सप्लायचे १२ ते १९ व्होल्ट वाढवून साधारण ३० ते ६० व्होल्ट करतं आणि ते पट्टीवर बसवलेल्या एलईडींच्या माळांना देतं. प्रत्येक माळेतला करंट त्याला मोजता येतो. एका माळेतला एक एलईडी जरी तुटला तरी ती माळ उघडी पडते (तिच्यातला करंट तुटतो), सर्किट व्होल्टेज वाढवत नेतं, मर्यादा ओलांडली की स्वतःला बंद करतं. बाकीच्या माळा धडधाकट असूनही पडदा काळा. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. काही कारागीर हे संरक्षणच बायपास करून मॉनिटर चालू करून देतात. तसं कोणी सुचवलं तर नको म्हणा, उरलेल्या माळांवर आणि ड्रायव्हरवर ताण येऊन तो काही महिन्यांत पुन्हा तुमच्या टेबलावर मेलेला असेल.

एक सोपी चाचणी आणखी. त्या दोन सेकंदांत मेनू उघडून ब्राइटनेस एकदम खाली आणा (एका झटक्यात जमणार नाही, बंद-चालू करत थोडा थोडा उतरवा). दहा-पंधरा टक्क्यांवर मॉनिटर टिकायला लागला तर एकतर एखादा एलईडी कमजोर झालाय, किंवा सप्लायला भार पेलवत नाहीये.

हे दुसरं कारण बरेच जण पाहतच नाहीत, आणि ते स्वस्त असतं. बॅकलाइट पेटताच भार वाढतो. सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे डबीसारखे भाग) सुकलेले असतील तर १९ व्होल्ट कोसळतात आणि ड्रायव्हर बंद पडतो. लक्षण डिट्टो तेच. तुमचा मॉनिटर बाहेरच्या अडॅप्टरवर चालत असेल तर आधी तसाच दुसरा अडॅप्टर लावून बघा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत (एलजीला बहुतेक १९, सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांना १४, काहींना १२), अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनची जाडी आणि प्लस-मायनस लेबलवर जुळवून. नुसता अडॅप्टर मल्टिमीटरने मोजून ‘१९ दाखवतोय, म्हणजे चांगला’ म्हणू नका. रिकामा असताना खराब अडॅप्टरही बरोबर आकडा दाखवतो.

सप्लाय आत असेल तर मागचं झाकण उघडावं लागेल. स्टँड काढा, असतील ते स्क्रू काढा, बाकी सगळं क्लिपांवर असतं. खालच्या कडेपासून जुनं एटीएम कार्ड सारत जा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर कडा चावल्यासारख्या दिसतात. बटणांच्या पट्टीची वायर झाकणाला जोडलेली असते, ती झटक्यात तुटते. सप्लाय बोर्डावरचा मोठा कपॅसिटर (४०० किंवा ४५० व्होल्टवाला) प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो : आपल्या २३० व्होल्टचे डीसीमध्ये सुमारे ३२५ होतात. हा मजेचा विषय नाही. दोन्ही पायांवर २ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद धरा, मल्टिमीटरने शून्याजवळ आल्याचं बघा, मगच हात लावा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची पद्धत दिसायला मर्दानी असली तरी ट्रॅक जाळते.

आता छोटे कपॅसिटर बघा, दुसऱ्या म्हणजे आउटपुटच्या बाजूचे, १६ आणि २५ व्होल्टचे, ४७० ते १,००० मायक्रोफॅरडचे. डोकं फुगलेलं, किंवा खाली तपकिरी डाग, तर तेच गुन्हेगार. पण डोकं सपाट असूनही आतून सुकलेले असू शकतात, म्हणून चार-पाच असतील तर सगळे बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले). पट्टा मारलेली बाजू मायनस. एकेक दहा-वीस रुपयांचा. इंदूरच्या महाराणी रोडवर सुटे मिळतात, फक्त ‘८५ चालेल का’ असं विचारलं गेलं तर नाही म्हणा. चालू अवस्थेत मोजणं ज्याला जमतं त्याने बॅकलाइट पेटतानाच मल्टिमीटर सप्लायच्या आउटपुटवर ठेवावा. १९ चे १२ झाले तर दोष सप्लायचा, १९ टिकले आणि तरीही विझला तर पट्टी किंवा ड्रायव्हरचा. या एका मापाने तुमचे हजार-दीड हजार वाचतील. आत मेन्सचा धोका आहे, तेव्हा हे मोजमाप पूर्वी कधी केलं नसेल तर दुकानात तुमच्या समोर करायला सांगा.

लाइट गेल्या-आल्याचा फटका पहिल्यांदा सप्लायलाच बसतो, म्हणून तुमच्या बाबतीत मी आधी तिथे बघेन. फ्यूज उडाला असता, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) फुटला असता, तर दिवाच लागला नसता. ज्यांचा फ्यूज उडतो त्यांच्यासाठी : नुसता फ्यूज बदलू नका, पुढे ब्रिज (एसीचे डीसी करणारा भाग) किंवा मॉस्फेट (सप्लायचा स्विच) शॉर्ट असतो, नवा फ्यूजही तत्क्षणी जातो. आधी ६०-१०० वॉटचा जुना तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये लावून चालू करायचं. बल्ब भडक पेटत राहिला की शॉर्ट आहेच.

सप्लाय ठीक निघाला तर एलईडींची पट्टी. २४ इंचीत ती बहुतेक पॅनेलच्या खालच्या कडेला, धातूच्या चॅनेलमध्ये असते. सुटी पट्टी साधारण तीनशे ते सातशेला मिळते; लांबी, एलईडींची संख्या, माळांची जोडणी आणि कनेक्टर जुळायला हवेत. मजुरीच महाग, आणि ती महाग असावीच, कारण पॅनेल पूर्ण उघडावं लागतं. काचेला चिकटलेल्या त्या नाजूक तपकिरी फिती एकदा चिरल्या की पडद्यावर कायमची उभी रेघ. काचेमागच्या फिल्मच्या (उजेड पसरवणाऱ्या पातळ थरांच्या) आत धुळीचा कण गेला की पांढऱ्या पानावर तो रोज दिसतो. म्हणून पट्टी घरी बदलू नका, कपॅसिटर मात्र बदला.

दुकानात तीनच प्रश्न. भाग कोणता बदलणार? पट्टी मूळ मापाची की युनिव्हर्सल ड्रायव्हरसकट? उघडताना पॅनेल बिघडलं तर जबाबदारी कोणाची? युनिव्हर्सल ड्रायव्हर वाईटच असतो असं नाही, पण काही वेळा मेनूतून ब्राइटनेस कमी-जास्त होणं बंद होतं, हे आधी कळलेलं बरं. ‘पॅनेल बदलून देतो, ३,५००’ असं उत्तर आलं तर ते पॅनेल जुनं, दुसऱ्या मॉनिटरमधून काढलेलं असणार. नवं पॅनेल या भावात येत नाही. ‘काम करून सांगतो’ असं उत्तर आलं तर सिल्व्हर मॉलमध्ये (इंदूरच्या संगणक-बाजारात) पुढच्या दुकानात चला.

माझा आकडा : कपॅसिटरचं काम पाचशे-सातशे, पट्टीचं काम दीड हजार ते अठराशे, तीन महिन्यांच्या लेखी हमीसकट. तुमच्या मॉनिटरवर याच्या वर खर्च नको. नवा २४ इंची आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा) मॉनिटर साधारण आठ-दहा हजारांत, बहुधा तीन वर्षांच्या वॉरंटीसह येतो. जुन्यावर साडेतीन हजार म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि बाकीचे भाग सहा वर्षांचेच राहतात. तुमच्याकडे २७ इंची फोर-के किंवा फोटो-व्हिडिओच्या रंगकामाचा मॉनिटर असता तर हेच साडेतीन हजार मी बिनदिक्कत द्यायला सांगितले असते.

दुसऱ्या लक्षणांनी इथे पोचलेल्यांसाठी झटपट : काचेला तडा, शाईसारखा काळा डाग, किंवा दाबल्यावर येणारी-जाणारी उभी रेघ, हे पॅनेल. खर्च करू नका. रेघा मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूवरही येत असतील तर दोष मॉनिटरचा, मेनू स्वच्छ असेल तर केबल किंवा ग्राफिक्स कार्ड. ‘नो सिग्नल’ आला तर कुठेही जाण्यापूर्वी केबल बदला आणि मेनूत योग्य इनपुट निवडला आहे का ते बघा.

‘जुना वीज फार खातो’ असं सांगून कोणी नवा गळ्यात मारत असेल तर हिशेब करा. जुन्या ट्यूबवाल्या (बॅकलाइटला बारीक ट्यूब असलेल्या) एलसीडीत आणि नव्या एलईडीत २० वॉटचा फरक धरला, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस, तर ४८ युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाचे ३३६. तुमचा तर एलईडीच आहे, फरक याहूनही कमी.

दुरुस्त झाल्यावर ब्राइटनेस ५०-६० टक्क्यांवर ठेवा, पट्टीला मारते ती उष्णता. लाइट वारंवार जाते-येते तिथे ती परत आल्यावर लगेच चालू न करता दोन-तीन मिनिटं थांबा.

आणि शेवटी नवाच घेतलात, तर जुन्याचा अडॅप्टर, केबल आणि स्टँड काढून ठेवा. उरलेला कबाडीला किलोच्या भावात देऊ नका. इंदूरच्या कचरा-गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, पण अख्खा मॉनिटर त्यात मावेल का ते गाडीवाल्याला आधी विचारा, किंवा नवा घेताना दुकानदाराला जुना परत घ्यायला सांगा.