काल्पनिक जर्मन वळणाच्या देशाचं सैन्य कसं उभं करावं?

तुमचा प्रश्न असा: कादंबरीसाठी एक देश रचताय, माणसांची-गावांची नावं जर्मन वळणाची, लोकसंख्या 40 लाख, निम्मा देश डोंगराळ, काळ 1930 चं दशक. त्याला रणगाडे किती द्यावेत, विमानं किती आणि गणवेश कसा असावा?

रणगाड्यांचा आकडा शेवटी देतो. आधी मला सांगा, तुमच्या सैन्याकडे घोडे किती आहेत?

हसलात ना? 1998 साली सांगलीतल्या एका होस्टेलच्या खोलीत पाच जण असेच हसले होते. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागली होती, म्हणजे अभ्यास सोडून सगळं चालू होतं. चार ड्रॉइंग शीट चिकटवून आम्ही एक खंड काढला होता आणि प्रत्येकाने त्यात आपापला देश मांडला होता. माझा हॉल्सनमार्क. फासे टाकायचे, सैन्य हलवायचं, वाद झाला की पंचाने निकाल द्यायचा. पंच म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक मेकॅनिकलवाला. शस्त्रांची गुळगुळीत चित्रांची पुस्तकं त्याला तोंडपाठ, त्यामुळे त्याच्यापुढे कुणी बोलायचं नाही. मी मात्र दोनशे पानी वही भरून आणली होती. सहा पायदळ डिव्हिजन आणि प्रत्येकीमागे घोडे, नालबंद, पशुवैद्यक, खाटीक आणि एक बेकरी कंपनी.

त्याने वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. "घोडे? जर्मन सैन्यात घोडे? ही काय वरात निघालीय का?" मग पान उलटून, "आणि ही बेकरी कंपनी! शत्रूवर खारी फेकणार का रे?"

मग लाल पेनाने सगळे घोडे खोडले. "जर्मन म्हणजे यांत्रिक. ब्लिट्झक्रीग, विजेच्या वेगाचं युद्ध." त्यांच्या जागी ट्रक तरी द्यायचे! तेही नाहीत, का तर माझं बजेट संपलं होतं. माझ्या तोफा रेल्वे स्टेशनातच पडून राहिल्या, त्यांना ओढायला कुणी नव्हतं. दोन रात्रींत हॉल्सनमार्कची राजधानी पडली.

मी सांगून पाहिलं की हे मी मनाने लिहिलेलं नाही, आजोबांनी सांगितलंय. आजोबा सातारकडचे, मराठा पलटणीत होते, 1944 मध्ये इटलीच्या डोंगरांत. त्यांची स्वतःची भाकरी आणि काडतुसं रात्री खेचरांवरून वर यायची. जर्मनांबद्दल विचारलं की म्हणायचे, "आरं, त्येंच्याकडं बी जनावरंच व्हती. मेल्याली घोडी रस्त्याच्या कडंला फुगून पडल्याली असायची. लई वास यायचा." हे मी पंचाला सांगितलं. तो म्हणाला, "तुझे आजोबा शिपाई होते रे. त्यांना काय दिसणार?"

आता जे त्यांना दिसलं होतं ते आकड्यांत सांगतो. 1939 ची जर्मन पायदळ डिव्हिजन म्हणजे सुमारे 17 हजार माणसं आणि 5 हजारांच्या आसपास घोडे. तोफा घोडे ओढत, धान्याच्या गाड्याही घोडेच ओढत, आणि माणसं पायी चालत. जून 1941 मध्ये सोव्हिएत युनियनवर जे सैन्य चालून गेलं त्यात रणगाडे साडेतीन हजारांच्या घरात होते आणि घोडे सहा लाखांहून जास्त. एका घोड्याला दिवसाला दहा किलो दाणा-वैरण धरा. पाच हजार घोड्यांची एक डिव्हिजन दिवसाला 50 टन नुसता चारा खाते, आणि तो वाहून आणायला पुन्हा घोडेच. बेकरी कंपनीही खरी होती, खाटकांची तुकडीही. स्वयंपाकाच्या चाकांवरच्या भट्टीला तर जर्मन शिपाई 'गुलाशकानोने' म्हणायचे, गुलाशची, म्हणजे मांसाच्या रश्श्याची तोफ. ब्लिट्झक्रीग हा शब्द मात्र त्यांच्या अधिकृत नियमावलीतला नव्हे, तो वर्तमानपत्रांनी गाजवला.

कारण सरळ आहे. जर्मनीत तेल नव्हतं आणि ट्रक पुरेसे नव्हते. होते त्यांतले कितीतरी अर्ध्या युरोपातून उचललेले, प्रत्येकाचा स्पेअर पार्ट वेगळा. रेल्वे मात्र होती, आणि खरी जर्मन परंपरा शोधायची तर ती तिथे सापडते. थोरल्या मोल्टके या सेनानीने 1857 पासून प्रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या उत्तर जर्मन राज्याचा, जनरल स्टाफ (युद्धाच्या योजना आखणारं अधिकारी मंडळ) सांभाळला आणि युद्धाचा विचार वेळापत्रकासारखा करायला शिकवलं. 1866 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध प्रशियाने पाच रेल्वेमार्गांनी सैन्य आणलं, समोर ऑस्ट्रियाकडे मोराव्हियात जायला एकच. पण 1941 मध्ये रशियाची हद्द लागली आणि तिथला रूळ रुंद निघाला. रूळ बदलत पुढे जायचं किंवा माल उतरवून पुन्हा चढवायचा. पंढरपूरहून नॅरो गेजने मिरजेला उतरून ब्रॉडगेज गाडी पकडण्यासाठी ज्याने बोचकी घेऊन धाव घेतलीय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणून तुमच्या देशाचा रूळ शेजाऱ्यापेक्षा वेगळा ठेवा. कादंबरीची दोन प्रकरणं त्यातच निघतील.

आता तुमचे 40 लाख लोक. यासाठी प्रशियाकडे बघूच नका, स्वित्झर्लंडकडे बघा. 1939 मध्ये त्यांची लोकसंख्या 42 लाखांच्या आसपास होती आणि सप्टेंबरात त्यांनी 4 लाख 30 हजार लढाऊ माणसं उभी केली. दहातला एक! कायमचं सैन्य जवळजवळ नाहीच. रायफल घरातल्या कपाटात. घोडदळातला शिपाई घोडाही घरीच ठेवायचा आणि एरवी शेतावर जुंपायचा, आणि हे घोडदळ 1972 पर्यंत चाललं. शांततेच्या काळात तिथे जनरल हे पदच नसतं. संकट आलं की संसद निवडते. ऑगस्ट 1939 च्या शेवटी त्यांनी आंरी गिसाँला निवडलं, आणि तो जर्मन नव्हे, फ्रेंच बोलणारा. असा देश लिहिला तर प्रत्येक शिपायामागे एक बंद पडलेलं दुकान किंवा न कापलेलं शेत येतं. चकाचक कवायतीपेक्षा मला ते शंभरपट वाचनीय वाटतं.

डोंगराळ देश म्हणजे एखाद्या खोऱ्यात दुसरी भाषा असणारच. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात हुकमाचे जर्मन शब्द सगळे मिळून ऐंशीच्या आसपास होते, तेवढे प्रत्येकाला पाठ. बाकी बोलणं पलटणीच्या भाषेत, आणि अधिकाऱ्याने ती शिकायची. अगदीच छोटं काही हवं असेल तर लिख्टेनस्टाइन आहे. त्याने 1866 मध्ये 80 माणसं पाठवली, 81 परत आली अशी दंतकथा आहे, आणि 1868 मध्ये सैन्यच मोडीत काढलं.

गणवेशाबद्दल तुम्ही सगळ्यात लांब लिहिलंय, मी सगळ्यात थोडक्यात सांगतो. टोकदार शिरस्त्राण 'पिकेलहाउबे' 1842 चं, 'फेल्डग्राउ' हा करडा रंग 1910 चा, पोलादी शिरस्त्राण 1916 चं. 1930 मध्ये टोकदार टोपी घालून खंदकात बसवलेला शिपाई दिसला की मी पुस्तक मिटतो.

त्यापेक्षा शपथ लिहा. 2 ऑगस्ट 1934 रोजी जर्मन सैनिकांकडून हिटलरच्या नावाने शपथ घेतली गेली. देश नाही, राज्यघटना नाही, एक माणूस. पुढे ज्यांना बंड करावंसं वाटलं त्यांतले कित्येक त्या शपथेशी अडखळले. युद्धानंतर नवीन जर्मन सैन्य सुरू झालं ते 12 नोव्हेंबर 1955 ला, शार्नहोर्स्टच्या दोनशेव्या जन्मदिनी. 1806 च्या पराभवानंतर प्रशियाचं सैन्य ज्याने नव्याने घडवलं तो शार्नहोर्स्ट. या नव्या सैन्याने शिपायाला 'गणवेशातला नागरिक' म्हटलं आणि शपथ संघराज्याशी ठेवली. तुमच्या देशातला शिपाई हात वर करतो तेव्हा नाव कुणाचं घेतो? हे ठरलं की निम्मी पात्रं आपोआप ठरतील.

आणि कृपा करून काळी वर्दी, कवटीचं चिन्ह वगैरे घालून 'ही फक्त स्टाइल आहे' म्हणू नका. घोड्यांचं कौतुक मी करतोय खरं, पण ते घोडे पोलंडच्या शेतकऱ्यांकडूनही ओढून आणलेले होते. सोव्हिएत भूमीत शिरलेल्या सैन्याने तिथल्याच धान्यावर जगायचं, आणि तिथली माणसं उपाशी मेली तर मरोत, हे आधीच कागदावर ठरलेलं होतं. ते पाप एकट्या एसएसचं, म्हणजे हिटलरच्या पक्षाच्या त्या काळ्या वर्दीतल्या दलाचं नव्हे, साध्या करड्या गणवेशातलं सैन्यही त्यात होतं. रसद हा विषय इतका निरागस नाही.

पंचाची बाजूही सांगून टाकतो, नाहीतर अन्याय होईल. पॅन्झर, म्हणजे रणगाड्यांच्या डिव्हिजन खरोखरच यांत्रिक होत्या आणि फ्रान्स 1940 मध्ये पडला तो त्यांच्या वेगामुळे. ब्रिटिशांनी तोवर घोडे जवळजवळ सोडलेच होते. म्हणजे घोडे ही काही जर्मनांची हुशारी नव्हती, नाइलाज होता. पण नाइलाजही वहीत लिहावा लागतो, लाल पेनाने खोडून तो जात नाही. आणि खोडायचेच होते तर ट्रक द्यायचे होते.

तो पंच दोन वर्षांपूर्वी बॅचच्या गेट-टुगेदरला भेटला. आता मालवाहतुकीच्या धंद्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, दिवसभर ट्रक मोजतो. मी विषय काढला. म्हणाला, "अरे हो, तुझी ती खारी!" आणि पुन्हा हसला. आजोबा 2003 मध्ये गेले, नाहीतर फोन लावून दिला असता.

तर रणगाडे. 1939 मध्ये स्वित्झर्लंडकडे नवे म्हणावेत असे दोन डझन होते, तेही हलके आणि चेकोस्लोव्हाकियाच्या बनावटीचे. तुम्हीही 24 ठेवा. विमानांचं दुसऱ्या कुणाला विचारा, तो माझा प्रांत नाही. बेकरी कंपन्या मात्र डिव्हिजनमागे एक, आणि तुमचा संपादक त्या काढायला सांगेल तेव्हा ऐकू नका.