खाणी जिंकूनही खजिना रिकामा का राहतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा संगणकावरचा युद्धखेळ खेळताना पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक खाणी तुमच्या ताब्यात येतात, पण पुढे त्या एकेक करून शत्रूकडे जातात आणि परत घेता घेताच डाव हातचा जातो. १९९९ सालचा हा खेळ इंदूरला रामबागेतल्या घरी आम्ही भावंडे एकाच संगणकावर पाळीपाळीने खेळत असू, आणि नेमक्या याच कारणाने मी माझ्या मामेभावाकडून कितीतरी डाव हरलो आहे. माझ्या मते सगळ्याच खाणी राखण्याचा हट्ट तुम्हाला नडतो.

खाण गेली म्हणून कोठारात साठलेले काही कमी होत नाही. दिवस बदलताना खाणीवर ज्याचा झेंडा असेल, त्याला त्या दिवसाचे उत्पन्न मिळते, इतकेच. लाकूड आणि खनिज यांचे रोज २ नग मिळतात, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने यांचा रोज १, आणि सोन्याची खाण रोज १,००० देते. शत्रूचा एकटा सरदार (खेळातला 'हीरो') लाकडाची वखार बळकावून गेला आणि ती तुम्ही तीन दिवसांनी परत घेतली, तर तुमचे ६ नग बुडाले आणि त्याला मिळाले. तेवढ्यासाठी मुख्य सरदार तीन दिवस मागे फिरवणे हा फारच महागडा सौदा आहे. माळव्यात पेंढाऱ्यांच्या मागे जड फौज घेऊन धावणाऱ्यांची जी दमछाक होत असे, तीच इथे होते.

मात्र सगळ्या खाणींचे मोल सारखे नसते, आणि ते ठरते तुमच्या नगराच्या गरजेवरून. 'डंजन' या प्रकारच्या नगरात ड्रॅगनची गुहा बांधायला १५,००० सोन्याबरोबर २० गंधक लागते, म्हणजे एकाच खाणीवर विसंबलात तर जवळजवळ तीन आठवड्यांची प्रतीक्षा. बाजारातून घ्यावे म्हटले, तर एकच बाजार असताना एका गंधकासाठी ५,००० सोने मोजावे लागते, आणि तेच गंधक विकायला जावे तर जेमतेम ५० हाती येते. (आपल्या सराफ्यातला कोणताही व्यापारी असा भाव ऐकून दुकान बंद करील.) त्यामुळे डंजनवाल्याने गंधकाची खाण जिवापाड जपावी, रत्नांची गेली तर खुशाल जाऊ द्यावी.

जपायची म्हणजे तिथे मोठी फौज बसवायची नाही. खाणीत थोडे सैनिक ठेवता येतात, आणि एखाद्या प्राण्यानिशी हिंडणाऱ्या टेहळ्या सरदाराला तेवढे पुरते. मोठी स्वारी आली तर मात्र ते फुकट मरतात. त्याऐवजी पथिकाश्रमातून २,५०० सोन्याला दुसरा सरदार घ्यावा आणि दोन-तीन खाणींपासून एका दिवसाच्या अंतरावर, वाटा मिळतात त्या ठिकाणी, उभा करावा. खाण गेली की दुसऱ्याच दिवशी ती त्याने परत घ्यावी.

पाळीचा क्रमही लक्षात घ्या, कारण माझा मामेभाऊ मला इथेच चकवायचा. मी लाल रंगाचा, म्हणजे पाळीत पहिला. तो निळा, माझ्यानंतरचा. मी सकाळी घेतलेली खाण तो त्याच दिवशी आपल्या पाळीत परत घेई, आणि दिवस बदलताना झेंडा त्याचाच असे. माझा सरदार आठवडाभर राबला तरी मला एक नगही मिळत नसे. तुम्ही पहिले असाल, तर ज्या खाणीपर्यंत शत्रू त्याच दिवशी पोहोचू शकतो, तिच्या वाटेला जाऊ नका.

नगराची गोष्ट वेगळी आहे. शेवटचे नगर गेल्यावर सात दिवसांत दुसरे मिळवले नाही, तर डाव संपतो. आणि रोज ४,००० सोने देणारी कॅपिटॉल ही नगरातली इमारत एका खेळाडूला एकच बांधता येते. मुख्य फौजेने मागे फिरावे ते फक्त यासाठी.