पत्रिकेचा केशरी लॅपटॉपवर झळाळतो आणि छापून विटकरी येतो, फाइलमध्ये नेमकं काय बदलायचं?

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या लग्नाची पत्रिका फोटोशॉपमध्ये केली, लॅपटॉपवर केशरी छान दिसतो पण प्रेसमधून आलेला नमुना विटकरी, बारीक अक्षरं पण फुटलेली, आणि प्रेसवाले म्हणतात फाइल आरजीबी आहे, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या रंगांत. बरोबर आहे त्यांचं, पण नुसतं मोड बदलून परत पाठवलीत तर पुन्हा तेच होईल. मी पुण्यात डीटीपीचंच काम करते म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्क्रीन उजेडातून रंग दाखवते, प्रेसच्या ऑफसेट छपाईला मात्र चारच शाया, सायन (आकाशी निळा), मजेंटा (गुलाबी), यलो आणि ब्लॅक, यालाच सीएमवायके म्हणतात. स्क्रीनवरचे काही भडक केशरी, पोपटी, निळे या चारांतून निघतच नाहीत, मग सॉफ्टवेअर जवळचा रंग शोधतं आणि त्यात केशरीमध्ये थोडा जरी सायन किंवा ब्लॅक घुसला की रंग मळलाच. म्हणून केशरी डोळ्याने निवडू नका, शाईच्या टक्क्यांचे आकडे टाका, सायन 0, मजेंटा 55-60, यलो 100, ब्लॅक 0. हा स्क्रीनवर थोडा फिका वाटेल, वाटू दे, कागदावर स्वच्छ येतो. निळा वापरला असेल तर मजेंटा सायनपेक्षा निदान 30 ने कमी ठेवा नाहीतर जांभळा होतो. सोनेरी या चार शायांतून होतच नाही, त्याला फॉइल किंवा वेगळी मेटॅलिक शाई लागते.

आता अक्षरं, माझ्या मते खरा घोळ इथे आहे. आरजीबीतला काळा कन्व्हर्ट केला की तो नुसता काळा राहत नाही, फोटोशॉपच्या अमेरिकन सेटिंगमध्ये साधारण सायन 75, मजेंटा 68, यलो 67, ब्लॅक 90 होतो, म्हणजे एकूण 300 टक्के शाई! प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते, त्या एकमेकींपासून केसभर हलल्या तरी वेलांटी-अनुस्वाराच्या कडेला रंगीत सावली दिसते. एका स्मरणिकेत माझ्याकडूनच हे झालं होतं, सगळ्या शुभेच्छा जाहिरातींचे पत्ते आणि फोन नंबर वाचता येईनात, आणि तोवर हजार प्रती छापून झाल्या होत्या, अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मजकूर फक्त ब्लॅक 100, बाकी तिन्ही 0, आणि रंगीत पट्टीवर काळं अक्षर असेल तर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच काळं छापायचं. शक्यतो मजकूर फोटोशॉपमध्ये टाकूच नका, फक्त चित्र तिथे करा आणि अक्षरं इलस्ट्रेटर नाहीतर कोरलमध्ये, मग कडा धारदार येतात.

कन्व्हर्ट करायच्या आधी प्रेसला फोन करून विचारा कुठलं प्रोफाइल (त्या कागदा-शाईवर रंग कसे उतरतात त्याची सेटिंग) हवंय आणि कागद कुठला आहे. गुळगुळीत आर्ट पेपरला बरेच जण फोग्रा 39 नावाचं प्रोफाइल सांगतात. मॅपलिथोसारखा साधा, बिनलेपाचा कागद शाई पितो, रंग आणखी दबतात, तिथे प्रोफाइल वेगळं लागतं. मग एडिट मेनूतलं कन्व्हर्ट टू प्रोफाइल वापरा, असाइन नाही, कारण असाइनने आकडे तेच राहतात आणि फक्त त्यांचा अर्थ बदलतो. मूळ आरजीबी फाइल वेगळी जपून ठेवा, सीएमवायकेतून परत आरजीबी केलं तरी गेलेली चमक येत नाही. काम करताना कंट्रोल वाय दाबलं की छापल्यावर साधारण कसं दिसेल ते कळतं, शिफ्ट कंट्रोल वाय दाबलं की न छापता येणारे रंग राखाडी दिसतात.

बाकी ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला भाग, चारी बाजूंनी 3 मिमी, फोटो छापायच्या साइझला 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके), आणि पाठवताना छपाईसाठीचा पीडीएफ एक्स-1ए प्रकार, त्यात आरजीबी काही शिल्लकच राहत नाही. अॅक्रोबॅट प्रो कुणाकडे असेल तर आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये सायन, मजेंटा, यलो बंद करून बघा, मजकूर जसाच्या तसा दिसला पाहिजे, आणि मग ते तिन्ही परत चालू करून फक्त ब्लॅक बंद करा, तेव्हा तो पूर्ण गायब झाला पाहिजे. कुठे पुसट अक्षरं उरली तर ती अजून चार रंगांत आहेत, तेवढी दुरुस्त करून मगच फाइल द्या. आणि लग्नाला दिवस असतील तर त्याच कागदावर एक प्रूफ (छापील नमुना) मागून घ्या, उन्हात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली केशरी फसवतो.