हार्ट अटॅकनंतर ताठरता येत नाही, गोळी घेतली तर चालेल का?

खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आहे का, ते आधी बघा. ती किंवा दुसरी कुठली नायट्रेट (छातीत दुखण्यावरचं, रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध) चालू असेल तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल या ताठरतेच्या गोळ्या अजिबात नाहीत. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जातो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. म्हणून संबंधांच्या वेळी छातीत दुखलं तर थांबा, १०८ लावा आणि गोळी घेतल्याचं डॉक्टरांना न लाजता सांगा.

नायट्रेट नसेल तरी मेडिकलमधून परस्पर आणू नका, हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. दोन जिने भराभर चढून धाप लागत नसेल, छातीत दुखत नसेल, तर संबंधांचा ताण हृदयाला सहसा झेपतो. मेटोप्रोलॉलसारख्या हृदयाच्या, बीपीच्या गोळीनेही ताठरता कमी होऊ शकते, पण ती मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडून बदलून मागा.