फाईल हाती लागल्यानंतर

चिरंजीव कादंबरीकारास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हेरकादंबरीचं हस्तलिखित वाचून झालं. बर्लिनमधला पाठलाग, नायकाचं पिस्तूल, शेवटच्या प्रकरणात हाती लागलेली फाईल, सगळं सफाईदार आहे. पण वाचताना मला एकदाही कुणाची काळजी वाटली नाही. फाईल मिळणार हे पहिल्या पानापासून ठाऊक होतं. खरी पंचाईत फाईल मिळाल्यावर सुरू होते. मिळालेली माहिती वापरली, तर आपल्यात कुणीतरी फितूर आहे हे शत्रूला कळतं. नाही वापरली, तर ती मिळवण्यासाठी जीव धोक्यात कशाला घातला? तुझी कादंबरी नेमकी तिथेच संपते.

तू 1955 सालचं बर्लिन निवडलंस आणि त्या वर्षीचं भुयार सोडून नायकाला नाइटक्लबात पाठवलंस, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. अमेरिकेची सीआयए आणि ब्रिटनची एमआय-सिक्स या हेरसंस्थांनी मिळून पश्चिम बर्लिनच्या रुडो भागातल्या एका गोदामाखालून सुमारे 450 मीटर लांबीचं भुयार खणलं. ते सोव्हिएत विभागातल्या आल्टग्लिनिके इथे, रस्त्याखालून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांपर्यंत पोचलं. मे 1955 पासून सोव्हिएत लष्कराची संभाषणं टेपवर उतरू लागली. हिवाळ्यात बर्फ पडलं, तेव्हा भुयारावरचं तेवढं बर्फ आतल्या उष्णतेने वितळू लागलं! शत्रूच्या पहारेकऱ्याला वरून भुयाराची रेघच दिसली असती. मग आतली हवा थंड ठेवण्याची सोय करावी लागली. असला तपशील टेबलाशी बसून सुचत नाही. सीआयएने स्वतः लिहिलेला या भुयाराचा इतिहास आता खुला आहे, तो आधी वाच.

पण कादंबरी भुयारात नाही, ती जॉर्ज ब्लेकमध्ये आहे. हा एमआय-सिक्सचा अधिकारी भुयाराच्या योजनेच्या बैठकीला हजर होता, आणि केजीबीसाठी, म्हणजे सोव्हिएत हेरखात्यासाठी, काम करत होता. जानेवारी 1954 मध्ये लंडनच्या डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर त्याने बैठकीचा वृत्तान्त आपल्या सोव्हिएत संपर्काच्या हवाली केला. पहिली कुदळ पडण्याआधी मॉस्कोला सगळं माहीत होतं.

मग केजीबीने काय केलं? भुयार चालू दिलं. ते लगेच बंद पाडलं असतं, तर बैठकीला कोण कोण होतं याची यादी लंडनमध्ये काढली गेली असती आणि ब्लेक सापडला असता. म्हणून आपल्याच लष्कराला त्यांनी काही सांगितलं नाही. जवळपास अकरा महिने रशियन अधिकारी त्या तारांवर बिनधास्त बोलत राहिले. एप्रिल 1956 मध्ये जोराच्या पावसाने तारा बिघडल्या, त्या निमित्ताने भुयार ‘सापडलं’. अमेरिकेची नाचक्की होईल या आशेने पत्रकारांना आत नेऊन दाखवलं, तर पश्चिमेकडच्या वर्तमानपत्रांनी उलट खणणाऱ्यांचीच तारीफ केली. (हा प्रसंग विनोदी अंगाने लिहिलास तरी चालेल. हेरकथेत कुणी हसायचं नाही असा नियम कुणी केला?)

आता पूर्व बर्लिनमधल्या कार्ल्सहोर्स्टच्या सोव्हिएत मुख्यालयात एक काल्पनिक माणूस उभा कर. भुयाराचं त्याला ठाऊक आहे. पलीकडच्या खोलीत त्याचा मित्र, लष्करातला कर्नल, फोनवर तुकड्यांच्या हालचाली सांगतो आहे, अधूनमधून वरिष्ठांना शिव्याही घालतो आहे. आपल्या माणसाला दार उघडून आत जाता येत नाही. संध्याकाळी तो त्याच मित्राबरोबर जेवतो. या जेवणाला पंधरा पानं दे. तुझ्या पाठलागाला दिली आहेस, त्यापेक्षा ती जास्त वेगाने वाचली जातील.

दुसरं, तुझे रशियन सगळे एकाच साच्यातून काढलेले आहेत. ब्लेक कोरियातल्या युद्धात उत्तर कोरियाच्या कैदेत होता. तिथल्या गावांवर अमेरिकन विमानांनी केलेली बॉम्बफेक पाहून आपलं मन फिरलं, असं तो नंतर सांगत राहिला. ते खरं की सोयीचं, हे तू ठरवू नकोस, वाचकावर सोड. उलट दिशेचा माणूस हवा असेल, तर मॉस्कोचा अभियंता अडॉल्फ तोल्काचेव्ह बघ. विमानांच्या रडारची गुपितं तो सीआयएला देत होता. त्याच्या सासूला स्टालिनच्या काळात गोळ्या घातल्या गेल्या होत्या, तो राग होताच, पैसेही मागितले, आणि मुलासाठी पाश्चात्त्य रॉक संगीताच्या रेकॉर्डिंगही. सूड, पैसा आणि पोराचा हट्ट एकाच माणसात असतात, आणि तिन्हींपैकी एकच खरं कारण म्हणून उचलायची घाई तुझ्या लिखाणात फार दिसते. तोल्काचेव्ह 1985 मध्ये पकडला गेला आणि पुढे त्याला देहदंड झाला.

ब्लेकला 1961 मध्ये 42 वर्षांची शिक्षा झाली. 1966 मध्ये तो लंडनच्या तुरुंगातून पळाला आणि 2020 मध्ये मॉस्कोत, पेन्शन घेत, म्हातारपणाने गेला. हा शेवट एखाद्या कादंबरीत असता तर संपादक म्हणून मीच खोडला असता.

आणि हो, सातव्या प्रकरणात नायक भिंत ओलांडतो. 1955 मध्ये भिंत नव्हती रे! ती 13 ऑगस्ट 1961 पासून उभी राहिली. तुझ्या काळात माणसं लोकल गाडीत बसून एका बर्लिनमधून दुसऱ्यात जात होती, कागदपत्रांची तपासणी होईल या धास्तीत. ते प्रकरण गाडीत बसवून नव्याने लिही. पिस्तूल काढून टाक, तिकीट ठेव. दिवाळीच्या अंकांची धावपळ सुरू व्हायच्या आत पाठवलंस तर निवांत वाचता येईल.

तुझा,
काका